काळ्या मातीत जाई कशी फुलवायची

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आमच्या जुन्या घरी दाराशी जाईचा वेल होता. सहा वर्षांचा, गॅलरीपर्यंत चढलेला, पाल्याने गच्च भरलेला. येणारा-जाणारा कौतुक करायचा, पण फुलं परडीचा तळ झाकण्याइतकीही मिळायची नाहीत. मी खत वाढवलं, पाणी वाढवलं. पाला तेवढा वाढला. एकदा महाद्वार रोडवर गजरे करणाऱ्या मावशींपाशी हे बोलून गेले. हातातला दोरा न थांबवता त्यांनी विचारलं, "कापतीस का न्हाई त्याला?"

"नाही हो मावशी, जीव होत नाही."

"मग फुलंल कसा? जाई नव्या फुटीवर फुलती. जुन्या लाकडावर नुसता पाला."

त्या जानेवारीत मी पहिल्यांदा कात्री चालवली आणि त्या वर्षी पहिल्यांदा घरच्या जाईचे गजरे झाले. पुढे २०१९ च्या ऑगस्टात महापुराचं पाणी अंगणात शिरलं आणि काही दिवस तिथेच राहिलं. पाणी ओसरलं तेव्हा वरची पानं हिरवीच होती, त्यामुळे वेल वाचला असं वाटलं. आठवड्याभरात पानं लोंबली. मूळ उकरून पाहिलं तर ते काळं पडलेलं, आणि साल बोटाला ओल्या कागदासारखी सुटून आली.

आता राजारामपुरीत, उंचावर राहतो. इथे दुसरी जाई लावली आहे. त्या पहिल्या वेलाने शिकवलेल्या दोन गोष्टी तिच्या बाबतीत कसोशीने पाळते: फूल छाटणीतून येतं, आणि आपल्याकडे जाई तहानेपेक्षा तुंबलेल्या पाण्याने जास्त मरते. खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं या दोन गोष्टींभोवतीच फिरतं.

रोप घेताना पान बघा

रोपवाटिकेत बहुतेक वेळा रोपाला फूल नसतं आणि चिठ्ठीवर भरवसा ठेवता येत नाही. मी एकदा एका रोपवाटिकेतून जाई म्हणून आणलेलं रोप वर्षभर वाढवलं आणि ती निघाली कुंद. कुंदही गोड आहे, थंडीत पांढरीशुभ्र फुलते, पण जाईचा वास तिला नाही. तेव्हापासून मी पान बघूनच रोप घेते.

जाईचं पान संयुक्त असतं, पिसासारखं. एका देठावर समोरासमोर पर्णिकांच्या जोड्या आणि टोकाला एक मोठी पर्णिका. सगळ्या मिळून बहुधा सात ते नऊ. कळीची बाहेरची बाजू गुलाबी-जांभळट असते, उमललेलं फूल पांढरं आणि पाच पाकळ्यांचं. जुईचं पान वेगळं. एक मोठं पान, आणि त्याच्या देठाशी दोन इवल्या पर्णिका, कानांच्या पाळ्यांसारख्या. तिचं शास्त्रीय नाव 'जास्मिनम ऑरिक्युलॅटम', म्हणजे कानवाली, ते त्यावरूनच. जुईची फुलं जाईपेक्षा बारीक आणि घोसाने येतात. कुंदाचं पान साधं, अखंड आणि लवदार. मोगऱ्याचं पान जाड, गोलसर, चकचकीत. पन्हाळ्याकडे किंवा आंबा घाटात उन्हाळ्याच्या तोंडाला झुडपांवर पांढऱ्या चांदण्या पसरलेल्या दिसतात ती कुसर, जाईची रानातली बहीण. ती रानातच राहू द्यावी.

ज्यांना फार निगा न करता भिंत भरून हवी आहे त्यांनी मधुमालती लावावी. संध्याकाळी पांढरी उमलून पुढे गुलाबी आणि मग लाल होत जाणारी फुलं, मंद गोड वास, आणि वाढ इतकी दणकट की दोन वर्षांत मांडव खाली येईल की काय असं वाटावं. पण गजरा, देवाची परडी आणि रात्री खिडकीतून आत येणारा वास हवा असेल तर जाईच. पुढचं सगळं जाईबद्दल आहे. जुईलाही ते जवळपास तसंच लागू पडतं, फक्त जुईची छाटणी जानेवारीच्या अखेरीस करतात.

रोप घेताना उंची बघू नका. चार फुटी, लांबलचक, एकाच काडीच्या रोपापेक्षा दीड फुटाचं, बुडापासून तीन-चार फुटवे असलेलं रोप चांगलं. पिशवीच्या भोकांतून पांढरी मुळं डोकावत असतील तर उत्तम. मुळांचा गोल गोल गुंता झाला असेल तर ते रोप पिशवीत फार दिवस अडकलेलं आहे, ते सोडून द्या.

जागा

जाईला दिवसातून किमान पाच-सहा तास ऊन हवं. सावलीत वेल मरत नाही, फुलायचा तेवढा थांबतो. इथे एक चूक सर्रास होते. आपण जूनमध्ये रोप लावतो, तेव्हा सूर्य डोक्यावर असतो आणि घराच्या उत्तरेच्या भिंतीलाही ऊन मिळतं. पण अंबाबाईचा किरणोत्सव (मावळतीची किरणं देवळात देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात तो) नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारीच्या अखेरीस होतो, त्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि उत्तरेची भिंत दिवसभर सावलीत राहते. नेमक्या त्याच महिन्यांत छाटलेल्या वेलाला नवी फूट यायची असते. म्हणून पूर्व किंवा दक्षिण बाजू घ्या. पश्चिमेचीही चालते, फक्त आपल्याकडचा पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा आधार भक्कम हवा.

भिंतीला अगदी चिकटून लावू नका. पायथ्याशी बांधकामाचा चुना, सिमेंट, विटांचे तुकडे पुरलेले असतात. त्याने माती चुनखडीची होते आणि पानं पिवळी पडतात. शिवाय पावसाळ्यात भिंतीची ओल वेलाला आणि वेलाची ओल भिंतीला. भिंतीपासून दोन फूट सोडून लावा, वेलाला तारेवरून भिंतीकडे वळवता येतं.

बसायची खोली किंवा झोपायची खिडकी कुठे आहे तेही बघा. जाईचा वास संध्याकाळनंतर सुटतो, पहाटेपर्यंत असतो. गेटापाशी लावलेली जाई रस्त्याला वास देते, घराला नाही.

खड्डा खोदण्याआधी एक बादली पाणी

कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा ऐकायला भयंकर वाटत नाही, पण त्यातला मोठा हिस्सा जुलै-ऑगस्टच्या काही आठवड्यांत येतो. पुनर्वसूचा तरणा आणि पुष्याचा म्हातारा पाऊस लागला की काळी माती पाण्याने फुगते, तिच्यातली हवा जाते आणि मुळं गुदमरतात.

म्हणून रोप आणायच्या आधी ही चाचणी करा. जिथे वेल लावायचा तिथे फूटभर खोल आणि फूटभर रुंद खड्डा घ्या. त्यात बादलीभर पाणी ओता आणि जिरू द्या. जिरलं की पुन्हा तेवढंच ओता आणि आता घड्याळ बघा. दोन-तीन तासांत पाणी गेलं तर जागा चांगली. पाच-सहा तासांनंतरही तळाला पाणी दिसत असेल तर तिथे सरळ खड्डा करून जाई लावायची नाही.

सगळीकडे सांगतात की दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्या आणि त्यात शेणखत मिसळलेली भुसभुशीत माती भरा. मुरमाड किंवा तांबड्या जमिनीत हे अगदी बरोबर आहे. भारी काळ्या जमिनीत मात्र असा खड्डा म्हणजे हौद. आजूबाजूची माती पाणी सोडत नाही, आतली माती पाणी ओढून घेते, आणि सगळ्या अंगणाचं पाणी वेलाच्या मुळाशी येऊन बसतं.

त्याऐवजी खड्डा उथळ आणि रुंद घ्या: तीन फूट रुंद, फूटभरच खोल. आणि वर उंचवटा करा, जमिनीपासून नऊ इंच ते एक फूट. कडेला विटा किंवा दगड लावले तर माती वाहून जात नाही, पण विटा सिमेंटने जोडू नका, फटींतून पाणी निघायला हवं. भरायला निम्मी तिथलीच माती, पाव हिस्सा चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, पाव हिस्सा तांबडी माती किंवा बारीक मुरूम. त्यात पाव किलो निंबोळी पेंड. नुसती वाळू मिसळून काळी माती सुटी होईल ही समजूत सोडा. थोड्या वाळूने ती उलट घट्ट बसते. काळी माती मोकळी होते ती कुजलेल्या खतानेच.

साखर कारखान्याची मळी (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) आपल्याकडे सहज मिळते, आणि ती चांगलीच आहे, पण ताजी वापरू नका. कुजताना ती तापते आणि कोवळी मुळं भाजतात. सहा महिने ढीग लावून, मधून मधून पालटून, पूर्ण थंड झालेली आणि मातीचा वास येणारी मळीच घ्या. ओंजळीत घेऊन नाकाशी धरा, आंबूस वास आला तर अजून वेळ आहे. शेणखताचंही तेच. गोठ्यातलं ओलं शेण टाकलं की हुमणी आणि वाळवी मागोमाग येतात.

लावणी

मृगाच्या सरींवर रोप लावायची आपली रीत आहे. मुरमाड जमिनीत तसंच करा. पण भारी जमिनीत माझं मत वेगळं आहे: ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरात लावा. मोठा पाऊस होऊन गेलेला असतो, जमिनीत ओल असते, ऊन परत आलेलं असतं आणि थंडी पडायच्या आत मुळं धरायला दोन-अडीच महिने मिळतात. जूनमध्ये लावलेलं कोवळं रोप जुलैचा चिखल सोसतं, आणि बऱ्याचदा सोसत नाही.

संध्याकाळी लावा. पिशवी ओढून काढू नका, ब्लेडने उभी चिरा. मातीचा गोळा पिशवीत होता त्याच पातळीवर राहू द्या. बुंध्यावर माती चढवली की साल कुजते. बाजूची माती पायाने न तुडवता हाताने दाबा, भरपूर पाणी द्या आणि माती खाली बसली तर वरून थोडी घाला. दोन वेल लावायचे असतील तर मध्ये सहा फूट सोडा. लावताना ते अंतर ओकंबोकं वाटतं. तिसऱ्या वर्षी वाटत नाही.

पहिला महिनाभर एक दिवसाआड पाणी, पावसाने उघडीप दिली असेल तरच.

आधार

जाईला काकडीसारखे धरायचे ताणे नसतात आणि पिंपळीसारखी चिकटणारी मुळंही नसतात. तिच्या लांब, लवचीक फांद्या दुसऱ्यावर रेलून, अधूनमधून वळसा घेत वर जातात. म्हणून तिला बांधावं लागतं, आणि सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी.

मांडव सर्वांत चांगला. साडेसहा-सात फूट उंच ठेवा, म्हणजे हात वर करून कळी खुडता येते. त्याहून उंच मांडवावरची फुलं आभाळालाच दिसतात. खांबांना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप घ्या, वर दर फुटावर जाड तार. बांबू वापरायचा तर माणगा घ्या, तो जवळपास भरीव असतो आणि इतर पोकळ बांबूंपेक्षा जास्त टिकतो. जमिनीत जाणाऱ्या टोकाला डांबर लावा. पावसात भिजलेला तीन वर्षांचा वेल किती जड होतो याचा अंदाज आधी येत नाही. माझ्या पहिल्या मांडवाचा एक खांब जुलैच्या वाऱ्यात आडवा झाला होता.

बांधायला सुतळी घ्या आणि इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी गाठ मारा: एका वेढ्यात फांदी, दुसऱ्यात तार, मध्ये बोट जाईल इतकी सैल. तार किंवा नायलॉनची दोरी फांदीत रुतते आणि वर्षाने तीच जागा मोडते.

पहिल्या वर्षी बुडापासून तीन किंवा चार सशक्त फांद्या निवडा आणि त्याच मांडवापर्यंत न्या. बाकीच्या खुडत राहा. मांडवावर पोहोचल्या की त्यांचे शेंडे मोडा, म्हणजे त्या आडव्या फुटतात. वेल फुलतो तो या आडव्या फुटींवर. सरळ वर धावणारी फांदी धावतच राहते.

पाणी आणि पाचट

वेल एकदा लागला की उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, दर वेळी दहा-पंधरा लिटर. रोजचं तांब्याभर पाणी वाईट. त्याने वरची दोन इंच माती ओली राहते आणि मुळं वरच येतात. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको.

काळी माती एप्रिल-मेमध्ये भेगाळते आणि त्या भेगांत बारीक मुळं तुटतात. त्यावर आपल्याकडे अगदी सोपा उपाय आहे, पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला. ऊसतोड झाली की शिवाराशिवारांत ते पेटवून देतात. एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याला पोतंभर मागा, नाही म्हणणार नाही. वेलाभोवती तीन-चार इंचांचा थर द्या, बुंध्यापासून चार बोटं जागा मोकळी सोडून. पाणी बरंच कमी लागतं, भेगा पडत नाहीत आणि पुढच्या पावसापर्यंत पाचट कुजून मातीतच जातं. जूनच्या शेवटी उरलेलं पाचट बाजूला ओढा, नाहीतर त्याखाली गोगलगाई जमतात आणि बुंधा ओला राहतो.

जुलै-ऑगस्टमध्ये काम एकच: पाणी निघतंय का ते बघणं. उंचवट्याभोवती चर ठेवा. पावसात छत्री घेऊन एकदा बाहेर जा आणि छपराची पन्हळ कुठे पडते ते बघा. माझ्या शेजारच्या काकूंचा वेल तीन वर्षं सारखा आजारी होता, आणि शेवटी निघालं काय, तर गॅलरीच्या पाइपाचं पाणी थेट त्याच्या बुडाशी पडत होतं. हातभर पाइप जोडला, वेल सुधारला.

ताण आणि छाटणी

हा भाग नीट वाचा, बाकीचं थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल.

जाईला फुलायला आधी विश्रांती लागते. नोव्हेंबरातला किरणोत्सव ही माझी खूण. तेव्हापासून पाणी कमी करत जायचं, आठवड्यातून एकदा. डिसेंबरच्या मध्यावर पाणी पूर्ण बंद, दहा-पंधरा दिवस. पानं थोडी मलूल होतील, खालची पिवळी पडून गळतील. घाबरू नका, लगेच बादली घेऊन धावू नका.

मग डिसेंबरचा शेवटचा आठवडा ते जानेवारीचा मध्य या काळात छाटणी. उशिरात उशिरा जानेवारीअखेरच्या किरणोत्सवाआधी काम उरकायचंच. लावणीनंतर पहिल्या हिवाळ्यात फक्त शेंडे मोडा. दुसऱ्या हिवाळ्यात हलकी छाटणी. तिसऱ्यापासून खरी.

सिकेटर (छाटणीची कात्री) धारदार हवा आणि स्पिरिटने पुसलेला. आधी वाळलेलं, मोडलेलं, रोगट सगळं काढा. मग आतल्या बाजूला एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या. आता मांडवावरच्या मुख्य आडव्या फांद्या तेवढ्या उरतील आणि त्यांच्यावर गेल्या वर्षीच्या बाजूच्या फुटी. त्यातली एक हातात घ्या. बुडापासून वर बोट फिरवत जा. पेरापेराशी पानाच्या देठाच्या खोबणीत एक बारीक टोकदार फुगवटा लागतो, मोहरीएवढा. तो डोळा. दोन किंवा तीन डोळे मोजा, आणि तिसऱ्याच्या वर अर्धा इंच सोडून तिरका काप द्या, उतार डोळ्याच्या उलट बाजूला. तिथे साठणारं पाणी मग डोळ्यावर ओघळत नाही. फूट सहा-आठ इंचांचीच उरते. असं प्रत्येक फुटीचं. शेवटी उरलेली पानंही हाताने ओरबाडून काढा.

काम संपल्यावर मांडव उघडाबोडका दिसतो आणि पोटात कालवतं. मला अजून दर वर्षी कालवतं. पण तीन आठवड्यांत त्या मोहरीएवढ्या डोळ्यांतून तांबूस-हिरवी फूट निघते.

शेतकरी जाईची झुडपं जमिनीपासून दीड फुटावर सपाट छाटतात. मांडवावरच्या घरगुती वेलाला दर वर्षी तेवढं खाली आणायची गरज नाही. पण वेल सात-आठ वर्षांचा झाला, बुडाशी नुसतं लाकूड आणि फुलं फक्त टोकाला अशी गत झाली, की एकदा धीर करून दीड-दोन फुटांवर छाटा. त्या वर्षी फुलं कमी येतील. जाड कापांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा.

छाटणीनंतर आठ-दहा दिवस तसंच राहू द्या. मग बुंध्यापासून फूटभर अंतर सोडून माती हलकी खुरपा आणि खत द्या: दहा किलो शेणखत, पाव किलो निंबोळी पेंड, आणि रासायनिक वापरत असाल तर १०:२६:२६ (नत्र, स्फुरद, पालाश यांचं मिश्रखत) दोनशे ग्रॅम. वर पाचट, आणि मग पहिलं भरपूर पाणी. दुसरा हप्ता जूनमध्ये, तेवढाच. युरिया नको. माझ्या पहिल्या वेलाला सहा वर्षं मी मुख्यतः युरियाच घालत होते, त्यातून मिळाला तो पाला.

जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या सुमाराला पहिल्या कळ्या दिसू लागतात. मे अखेरीपासून बहर चढतो. जुलैच्या मुसळधार पावसात कळ्या झडतात, त्याला इलाज नाही. मग पितृपक्षापासून नवरात्रापर्यंत पुन्हा एक बहर, आणि माझ्या मते वर्षातला सर्वांत सुगंधी.

दुखणी

पानं पिवळी पडली तर आधी कोणती ते बघा. खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर पाणी जास्त झालंय, अन्न कमी पडतंय किंवा वयच झालंय. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्यागार असतील तर लोह कमी पडतंय. चुनखडीच्या काळ्या जमिनीत आणि बोअरच्या क्षारपड पाण्यावर हे नेहमीचं. लोह मातीत असतं, वेलाला घेता येत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि अर्ध्या लिंबाचा रस, गाळून संध्याकाळी पानांवर फवारा. दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा. फरशीवर आणि कपड्यांवर पडू देऊ नका, गंजाचे डाग निघत नाहीत. आणि मुळाशी पाणी तुंबत असेल तर आधी ते थांबवा, नाहीतर फवारून काही होत नाही.

कळीला बारीक भोक आणि आत हिरवट अळी दिसली तर ती कळी पोखरणारी अळी. दोन-तीन कळ्या जाळीने एकत्र विणलेल्याही सापडतात. रोज संध्याकाळी कळ्या खुडणाऱ्या घरात ही कधी हाताबाहेर जात नाही. किडक्या कळ्या साबणाच्या पाण्यात टाका, झाडाखाली नको. कळीचं बूड फुगून ती जांभळी पडून गळत असेल तर ते कळीमाशीचं काम. जाईची कळी मुळातच गुलाबीसर असते, त्यामुळे रंगावर जाऊ नका, फुगलेलं बूड बघा. ही माशी मातीत कोषात जाते, म्हणून गळलेल्या कळ्या वेचा आणि बुंध्याभोवतीची वरची माती हलवून उन्हात तापू द्या.

पानांवर, फुटींवर पांढरी लोकरीसारखी लव आली तर ती कोळ्याच्या एका सूक्ष्म जातीमुळे. तेवढी फांदी छाटून जाळा, आणि पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम फवारा, कडक उन्हात मात्र कधीच नाही. मार्च-एप्रिलमध्ये पानांच्या खालून बारीक जाळी आणि वर फिकट ठिपके दिसले तर लाल कोळी. आठवड्यातून दोनदा पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा पुरेसा होतो. पिठ्या ढेकणाला लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल, थोडं साबणाचं पाणी मिसळून.

बहरात याहून जहाल काही मारू नका. ही फुलं देवाला जातात, केसांत जातात आणि लहान मुलं ती नाकाला लावतात.

कुंडीत

गच्चीवर जमेल, पण कुंडी किमान दीड फूट रुंद आणि तेवढीच खोल हवी. मातीने भरून भिजल्यावर ती शंभर किलोंच्या घरात जाते, म्हणून खाली तुळई असेल तिथेच, भिंतीलगत ठेवा. मिश्रण हलकं करा: तांबडी माती, शेणखत आणि कोकोपीट सारख्या भागांत. कुंडीतल्या वेलाला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं आणि खत थोडं थोडं दर महिन्याला. दर दोन वर्षांनी छाटणीच्या वेळीच कुंडीतून काढून कडेची मुळं दोन बोटं तासा आणि नवी माती भरा.

कळ्या खुडणं

गजऱ्यासाठी कळी उमलायच्या आधी, संध्याकाळी पाच-साडेपाचला खुडा. त्या दिवशी उमलणारी कळी ओळखू येते: ती फुगलेली असते, पांढरी पडलेली असते आणि तिच्यावरची गुलाबी रेघ फिकट झालेली असते. घट्ट, टोकदार आणि गडद गुलाबी ती उद्याची, तिला हात लावू नका. नख न लावता, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत देठ धरून वर मोडा. परडीत ओलं फडकं, वर केळीचं पान. गजरा केळीच्या सोपटाच्या ओल्या धाग्यात बांधला तर सुती दोऱ्यापेक्षा जास्त वेळ ताजा राहतो. साडेसात-आठला गजऱ्यातच कळ्या उमलायला लागतात आणि घरभर वास होतो. देवासाठी उमललेली फुलं हवी असतील तर पहाटे, ऊन पडायच्या आत.

बहरात एक दिवसही खुडायचं चुकवू नका. वेलावरच सुकलेली फुलं तशीच राहिली की पुढच्या कळ्या मंदावतात.

दुसऱ्याला देण्यासाठी

छाटणीत निघालेल्या पेन्सिलीएवढ्या जाड, अर्धवट पक्व काड्या फेकू नका. सहा-आठ इंचांचे, तीन-चार डोळ्यांचे तुकडे करा, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, आणि वाळू-कोकोपीटच्या पिशवीत निम्मे खोचून सावलीत ठेवा. सगळे लागत नाहीत, पण दहातले चार-पाच लागतात.

खात्रीचं म्हणजे दाब कलम. जूनमध्ये बुडाजवळची एक वर्षाची लांब फांदी जमिनीवर वाकवा. जमिनीला टेकते तिथल्या पेराच्या खालच्या बाजूने इंचभर तिरका, जिभेसारखा काप द्या. फांदीच्या निम्म्याहून कमी खोल. त्यात काडीचा तुकडा अडकवा म्हणजे काप मिटणार नाही. तो भाग तीन बोटं मातीत पुरा, वर वीट ठेवा, शेंडा बाहेर राहू द्या. पावसाचं पाणी तिथे साचत नाही ना, हे इथेही बघायचं. तीन-साडेतीन महिन्यांनी, दसऱ्याच्या सुमारास, वीट उचलून बोटाने माती हलकी बाजूला करा. पांढरी मुळं दिसली की मूळ वेलाच्या बाजूने फांदी कापा, पण रोप लगेच उचलू नका. आठ दिवस तिथेच राहू द्या आणि मग मातीच्या गोळ्यासकट पिशवीत भरा.

माझ्या आताच्या मांडवाखाली या घडीला अशा तीन विटा ठेवलेल्या आहेत. त्यातली एक महाद्वार रोडच्या मावशींसाठी आहे.